मुहय्यो-ओपाने चावलेली रोटी

ही गोष्ट १९९६ साली सुरू झाली. मी एक जुनी रोटी आहे. हसू नका, मित्रांनो. रोटी सकाळी जन्मते आणि दिवस मावळेपर्यंत संपते, हे मलाही ठाऊक आहे. माझ्याबरोबर तंदूरमधून निघालेल्या बहिणी त्याच दिवशी कुणाच्या ना कुणाच्या पोटात गेल्या आणि सुखी झाल्या. मी मात्र उझबेकिस्तानातल्या मर्गिलान शहरात, एका घराच्या ओसरीवर, भिंतीच्या खिळ्याला टांगलेली आहे. माझ्या कडेला एका चाव्याची खूण आहे. त्या एका चाव्यात माझं सारं आयुष्य अडकून पडलं.

मला रोबिया-बुवींनी घडवलं. बुवी म्हणजे आजी. सगळी गल्लीच त्यांना तसं म्हणायची. त्यांनी पीठ मळलं, मला गोल थापलं, कोंबडीच्या पिसांच्या देठांच्या जुडग्याने माझ्या पोटावर फूल टोचलं, वर काळे तीळ पेरले आणि तंदूरच्या तापलेल्या भिंतीला चिकटवलं. बाहेर काढल्यावर त्यांनी मला नाकाशी धरलं आणि म्हणाल्या, "गोड पोर निघाली ही." त्या कौतुकावर मी आजवर तग धरून आहे.

त्यांची लेक मुहय्यो. नवरा वारल्यावर ती माहेरी राहायला आली होती आणि शाळेत इंग्रजी शिकवायची. मुलं तिला मुहय्यो-ओपा म्हणत, म्हणजे मुहय्योताई. जुनी पुस्तकं बाद झाली होती आणि नवी आली नव्हती. तेव्हा ओपाने एक युक्ती काढली. सुट्टीच्या दिवशी ती मुलींना अंगणात बोलवायची, जर्दाळूच्या झाडाखाली चूल पेटवायची आणि पुलाव शिजवता शिजवता इंग्रजी शिकवायची. गाजर चिरायचं तर आधी गाजराचं नाव घ्यायचं. तांदूळ धुवायचे तर आपण काय करतो आहोत ते पूर्ण वाक्यात सांगायचं. शब्द आधी, घास मागून, असा नियम होता.

"सानोबार, कांदा सोलते आहेस ना? मग इंग्रजीत सोल!" ओपा ओरडायची.

सानोबार ही वर्गातली सगळ्यात वाचाळ मुलगी. डोळे पुसत ती विचारायची, "ओपा, कांदा इंग्रजीतही असाच रडवतो का हो?"

"त्याहून जास्त. परीक्षेत कळेल!"

ओसरीवर बसलेल्या बुवी हे सगळं ऐकायच्या. त्यांना इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. पण ऐकून ऐकून एक वाक्य त्यांच्या ओठांवर बसलं. "धिस इज माय ब्रेड." कुणी पाहुणा आला की त्या माझ्यासारखी एखादी रोटी पुढे करून ते म्हणायच्या आणि स्वतःच लाजून हसायच्या.

ज्या दिवशी मी जन्मले, त्या दिवशीचा धडा प्रवासाचा होता. आमच्याकडे घरातलं माणूस दूर निघालं की दारात त्याच्यापुढे रोटी धरतात. तो एक घास चावतो आणि निघतो. उरलेली रोटी घरचं मोठं माणूस आपल्या हाताने भिंतीला टांगतं. ती दुसऱ्या कुणी खायची नाही. तो परत आला की टांगणाऱ्यानेच ती उतरवून त्याच्या हाती द्यायची आणि त्याने चहात बुडवून संपवायची. त्या दिवशी ओपा म्हणाली, "आज मी प्रवासी, सानोबार माझी आई." सानोबारने मला दोन्ही हातांनी पुढे धरलं. ओपाने इंग्रजीत सांगितलं की मी फार दूर जाते आहे. मग म्हणाली, "आय विल कम बॅक." आणि बोलण्याच्या भरात तिने मला खरोखरच चावलं.

मुली खिदळल्या. बुवी मात्र ताडकन उठल्या.

"अगं बये! रोटीशी कुणी खेळ करतं का?"

"आई, धडा होता तो. खोटं खोटं."

"धडा खोटा असेल. दात तर खरे होते ना?"

त्यांनी मला सानोबारच्या हातातून घेतलं, डोळ्यांना लावलं आणि या खिळ्याला टांगलं. मी तेव्हा ऊन होते. मला वाटलं, संध्याकाळी उतरवतील.

हिवाळा आला. शाळेने वर्ग कमी केले आणि ओपाची नोकरी गेली. परदेशातल्या एका थंड शहरात, एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात बाई हवी होती. तिला स्वयंपाक यावा आणि इंग्रजी समजावं, एवढीच अट होती. ओपा म्हणाली, "मला दुसरं येतं तरी काय?"

निघण्याच्या सकाळी बुवींनी ताजी रोटी आणली. ओपाने माझ्याकडे बोट दाखवलं.

"ती आहे की भिंतीवर. एका बाईसाठी दोन रोट्यांना कशाला ताटकळत ठेवतेस?"

"मुहय्यो, ती खेळातली आहे."

"तूच म्हणालीस ना, दात खरे होते म्हणून?"

ती आईच्या गळ्यात पडली आणि गेली. मित्रांनो, मला ओरडून सांगायचं होतं, थांब, तो चावा निरोपाचा नव्हता, तेव्हा तू हसत होतीस! पण रोटीला तोंड नसतं. चाव्याची खूण म्हणजे काही तोंड नव्हे.

पुढच्या वर्षी गल्लीत पिठाची टंचाई झाली. बुवींचा तंदूर थंड पडला. रात्री त्या नुसता चहा पिऊन ओसरीवरच निजायच्या आणि मी त्यांच्या उशाशी टांगलेली. रोटीचा जन्म भूक भागवण्यासाठी असतो. जिने मला घडवलं ती माझ्या डोळ्यांदेखत उपाशी, आणि मला खिळ्यावरून वीतभर खाली येता येत नव्हतं. शेजारच्या ताजिखोन एकदा न राहवून म्हणाल्या, "बुवी, भिंतीवर आहे ना! भिजवून खा. कोण बघतंय?"

"ती माझी नाही गं," बुवी म्हणाल्या.

ताजिखोननी कपाळावर हात मारला, घरी गेल्या आणि आपल्या ताटातली अर्धी रोटी घेऊन आल्या.

फोनही ताजिखोनकडेच होता. तो कधीमधी वाजायचा. मधल्या भिंतीपलीकडून बुवींचा आवाज मला ऐकू यायचा.

"जेवते गं, दोन्ही वेळा. पोटभर... हो, आहे तुझी रोटी. उंदीर? तुझ्या रोटीला तोंड लावायची कुणाची छाती आहे?... येशील तेव्हा ये. मालकाने पासपोर्ट ठेवून घेतला तर तू तरी काय करणार?"

परत आल्या की त्या माझ्यावरची धूळ पुसायच्या. माझे तीळ एकेक करून गळत होते, ते त्या वेचून उशीखाली ठेवायच्या.

२००३च्या वसंतात बुवी अंथरुणाला खिळल्या. सानोबार तेव्हा शिक्षिका झाली होती. ती रोज यायची आणि ताजी रोटी चहात कालवून भरवायची. शेवटच्या दिवशी बुवींनी घास परत केला आणि माझ्याकडे बघत इंग्रजीत म्हणाल्या, "धिस इज नॉट माय ब्रेड." मग आपल्या भाषेत, "सांभाळ."

सानोबारने मान हलवली. मी काय हलवणार?

ताजिखोन पुढे धाकट्या मुलाकडे नामंगानला गेल्या. जाताना त्यांनीही दारात रोटी चावली. ती इथल्या घरी राहिलेल्या थोरल्या सुनेने टांगली आणि पुढच्या ईदला त्यांनी ती येऊन संपवली. सानोबारने या घराची किल्ली घेतली. सुट्टीच्या दिवशी जर्दाळूखाली पुन्हा चूल पेटते. मुलं इंग्रजीत कांदे सोलतात आणि आपल्या भाषेत रडतात. प्रवासाचा धडाही ती शिकवते, पण त्या दिवशी मुलांच्या हाती रोटी देत नाही. रिकामी थाळी देते.

मुहय्यो-ओपाला बऱ्याच वर्षांनी पासपोर्ट परत मिळाला. सानोबारने फोनवर विचारलं, "ओपा, आता येताय ना?" ती म्हणाली, "येऊन काय करू, पोरी? जिने टांगली तिनेच उतरवायची असते." ती अजून तिकडेच आहे.

मित्रांनो, तुम्हीही कधीतरी दूर जाल. रोटीची काळजी करू नका. ती वाळते, कडक होते, पण थांबते. ज्या हातांनी ती टांगली, ते हात एवढे थांबत नाहीत. ते असतील तोवर परत या.