गुणाजीकाकांची चावी

आमच्या उरणच्या ऑफिसात तीन खुर्च्या, एक एसी आणि दिपेश नावाचा साहेब आहे. यांपैकी एसी कधीकधी काम करतो.

आम्ही कंटेनर यार्डाच्या गेटपासचं सॉफ्टवेअर चालवतो. ट्रेलरच्या ड्रायव्हरने मोबाइलवर फॉर्म उघडला की त्याचं ॲप आधी आमच्या सर्व्हरला विचारतं, ‘माझ्याकडचा फॉर्म चालेल का?’ जुन्या पद्धतीत सर्व्हर नुसतं हो किंवा नाही म्हणतो. नाही म्हटलं की ॲप तोंड फुगवून बसतं आणि ट्रेलर गेटवर. नव्या पद्धतीत सर्व्हर कोणती आवृत्ती लागेल ते सांगतो आणि पुढचं स्वतःच निस्तरतो. दिपेशने फर्मान काढलं, “अमिषा, या महिन्यात सगळ्यांना नव्यावर आण आणि जुनं बंद कर. नाहीतर काम पुण्याच्या कंपनीला देतो.” म्हणजे मला घरी बसवतो.

बाकीचे ट्रान्सपोर्टवाले चार शिव्या घालून हलले. जुन्या पद्धतीने विचारणाऱ्यांत एकच नाव हटेना, गुणाजी ट्रान्सपोर्ट. रोज सकाळी नुसता भडिमार. मी फोन लावला.

“काका, तुमचे ट्रेलर किती?”

“एकच व्हता. त्यो पन इकला.”

“मग विचारतंय कोण?”

“आपलीच मानसा.”

ॲपची चावी, म्हणजे परवलीचा आकडा, एका मालकाला एक अशी देतात. गुणाजीकाकांनी ती पुतण्याच्या हळदीत माइकवरून वाटली होती. अख्खी भावकी एका चावीवर धंदा करत होती आणि आमच्या लेखी ते एक गिऱ्हाईक होतं. मी कपाळावर हात मारला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांच्या घरी गेले. काका ओटीवर खुर्ची टाकून बसलेले, फोन मांडीवर. जाणारा प्रत्येक ट्रेलर दारासमोर थांबायचा. “काका, गेट चालू हाय का?” काका चष्मा पुढे ओढायचे, फोनवर उगाच दोनदा बोट फिरवायचे. “व्हय, जा.” ट्रेलर निघायचा. ॲप हे स्वतःच विचारतं, हे त्या शहाण्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

मी सांगितलं. प्रत्येकाला स्वतःची चावी देते म्हटलं. काका भडकले. “कोनी नवीन चावी घ्यायची न्हाय! या पोरीचा कायतरी डाव हाय.” भावकीने माना डोलावल्या. माझी नोकरी त्या ओटीवर गटांगळ्या खाऊ लागली.

तणतणत मागच्या दारी गेले. काकांची बायको कृष्णाबाई जवळा निवडत होत्या.

“मनाव नको घेऊ गो,” त्या म्हणाल्या. “ट्रेलर इकल्यापासून या मानसांसाठीच उठून दाढी करतान. तू चाव्या वाटल्याव दारात कोन थांबल?”

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण पगाराचंही वाटलं, आणि पगार जिंकला. मी ड्रायव्हरांना चहाच्या टपरीवर एकेकटं गाठलं. नव्या ॲपमध्ये गेटवरची गर्दीही दिसते म्हटल्यावर भावकीची निष्ठा चहा संपेपर्यंतसुद्धा टिकली नाही.

जुन्या पद्धतीने विचारणारा शेवटी एकच उरला, काकांचा स्वतःचा फोन. ना ट्रेलर, ना कंटेनर. रोज सकाळी विचारणा मात्र चालू.

दिपेश पाठीमागे येऊन उभा राहिला. “बंद कर.” मी केलं. त्याने पेढे मागवले आणि अर्धे स्वतःच खाल्ले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत होते. फोन वाजला.

“अमिषा, माजा मोबाइल कायच बोलत न्हाय गो. आज गेट चालू हाय का?”

त्यांच्या मागे रस्त्यावरून ट्रेलर भरधाव जात होते. एकही थांबल्याचा आवाज आला नाही. मी तोंडातला फेस थुंकला.

“व्हय काका, चालू हाय.”

“बरा झाला,” ते म्हणाले, आणि ओटीवरून मोठ्याने ओरडले, “चालू हाय रे, जा!”

तेव्हापासून रोज विचारतात. मी रोज हो म्हणते. दिपेशला सांगितलेलं नाही. तो म्हणेल, हेही बंद कर.