दुसरा पाय

आईने कोमट तेलाची वाटी गादीच्या कडेला ठेवली आणि नेहमीच्या सवयीने छकुलीचा गाऊन गुडघ्यापर्यंत सरकवला. छकुलीने पाय आखडून घेतला. मुद्दाम घेतला, हे आईला लगेच कळलं. आपोआप आखडतो तेव्हा बोटंही वळतात.

"तेल... नको."

"अगं, रात्री पाय धरतील. मग कळवळशील."

"उद्या ती... येणार."

"येऊ दे की. सकाळी पुसून टाकू."

छकुलीने मान हलवली. तिची मान एकदा हलायला लागली की थांबायला वेळ लागायचा, त्यामुळे हा नकार बराच वेळ चालला. आदल्या दिवशी अंगाला तेल लावलं तर वॅक्स धरत नाही, असं पार्लरवालीने फोनवर सांगितलं होतं. फोन स्पीकरवर होता. आईनेही ऐकलं होतं.

छकुली सव्वीस वर्षांची होती. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला आणि हातपायांनी तिचं ऐकायचं सोडलं. जीभ अडखळायची, डोकं मात्र तल्लख. घरात बसून, एका बोटाने टाइप करत ती भाषांतराची कामं करायची. बाकी आंघोळ, कपडे, वेणी, नखं, सगळं आईच्या हातचं. मग एकदा मामेबहीण शेजारी वॅक्स केलेले पाय पसरून बसली, "बघ हात फिरवून," म्हणाली, आणि तेव्हापासून छकुलीने हा धोशा लावला.

"कोण बघणार आहे तुझे पाय?" आईने विचारलं होतं.

"मी."

पहिली खेप फुकट गेली होती. पार्लरवालीने पिंडरीवरून हात फिरवला आणि आपली पेटी न उघडताच ती उठली. एवढेसे खुंट पट्टीला धरत नाहीत, जरा वाढू द्या, म्हणाली. आदल्या दिवशी आंघोळ घालताना, छकुली नको नको म्हणत असताना, आईने बाबांच्या रेझरने दोन्ही पाय साफ केले होते. स्वच्छतेसाठी, असं तिचं म्हणणं. त्यानंतर कितीतरी दिवस छकुली आईशी कामापुरतंच बोलत होती.

आता आईने वाटी उचलली आणि स्वयंपाकघरात नेऊन आदळली.

रात्री पाय धरलेच. आई दोनदा उठून आली. छकुलीने उशीत तोंड खुपसलं होतं, पण हाक मारली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पार्लरवालीने पलंगावर जुनी चादर अंथरली, हीटर लावला आणि छकुलीच्या पायांना पावडर लावली. आडव्या बांध्याची, बोलायला मोकळी बाई. तिने वॅक्स आधी स्वतःच्या मनगटावर लावून पाहिलं, मग पुन्हा एकदा पाहिलं.

"काकू, पाय अचानक उडतो का हिचा?"

"उडतो तर! म्हणून तर मी म्हणत होते—"

"सांगेन... मी," छकुली म्हणाली.

"काय म्हणाली?" पार्लरवालीने आईकडे पाहिलं.

छकुलीने तेच वाक्य परत जुळवलं. पार्लरवाली वाकून, तिच्या ओठांकडे बघत थांबली. "बरं," ती म्हणाली. "उडायला लागला की सांग."

पहिला थर बसला. पट्टी दाबली. आणि तेवढ्यात छकुलीचा पाय ताठ झाला, टाच चादरीवर थडाथड आपटायला लागली. आई झेपावली आणि तिने दोन्ही हातांनी घोटा दाबून धरला. धरल्यावर झटके वाढले.

"सोड!"

"अगं, भाजेल!"

"काकू, सोडा. तिला सोडा तुम्ही."

आईने हात काढले. पार्लरवालीने पट्टीला हात लावला नाही. तिच्या कपाळावर घाम आला होता. टाचेचा आवाज हळूहळू विरला. तोवर वॅक्स थिजून कातडीला घट्ट चिकटलं होतं. पार्लरवालीने पट्टीवर तळवा ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

"आता लागणार बरं का. थंड झालंय. ओढू?"

छकुलीने श्वास गोळा केला. "थांब..." मग डोळे मिटले. "आता."

पट्टी निघाली. छकुलीची किंकाळी अशी होती की शेजारच्या घरातलं बोलणं थांबलं. पिंडरीवर रक्ताचे बारीक ठिपके उमटले.

"पुरे!" आई ओरडली. "बंद करा ते. हिला काय कळतंय!"

हीटरचा दिवा लाल होता तो विझला. पार्लरवालीने चमचा भांड्यात ठेवला, पण भांडं झाकलं नाही. ती छकुलीकडे बघत राहिली.

छकुलीच्या डोळ्यांतून पाणी कानांपर्यंत गेलं होतं. "कळतं," ती म्हणाली. प्रत्येक अक्षर सुटं करून. "हा झाला... की दुसरा."

सगळं उरकायला अर्धी दुपार गेली. एकदा तर छकुलीने पार्लरवालीला शिवी हासडली आणि दोघी हसल्या. आई खिडकीशी, त्यांच्याकडे पाठ करून उभी होती. जाताना पार्लरवालीने सूचना दिल्या, त्या छकुलीला दिल्या: आज गरम पाणी नको, सैल कपडे घाल, आग झाली तर ओला फडका ठेव. पुरळ उठेल, खाजवू नकोस.

संध्याकाळी पुरळ उठलं. आई थंड पाण्याचं भांडं आणि फडका घेऊन आली.

"सांगत होते ना? बघ काय झालंय पायाचं."

ती वाकली, तेव्हा छकुलीने हात मध्ये घातला. "मला... दे."

"तुला जमणार आहे का?"

हात तसाच पुढे राहिला. आईने फडका दिला. तो खाली पडला. आई उचलायला वाकली आणि अर्ध्यातच सरळ झाली. छकुलीने दोन-तीनदा चाचपडून तो पकडला, गुडघ्यापर्यंत ओढत आणला आणि मग तो तिथेच सोडून, नुसत्या बोटांनी, नडगीवर हात फिरवला. खालून वर. परत खालून वर.

"दार," ती म्हणाली.

आईने जाऊन दार लावलं आणि परत येऊन पलंगाशी बसली.

"तू... बाहेर."

आई बराच वेळ उठली नाही. मग उठली.

बाबा कामावरून आले तेव्हा आई व्हरांड्यात, छकुलीच्या खोलीच्या दाराशेजारी भिंतीला टेकून उभी होती. आतून पाण्याचा आवाज येत होता, मध्येच काहीतरी पडल्याचा.

"काय झालं? एकटीच आहे ती आत?" बाबांनी पिशवी ठेवली आणि दार ढकलायला हात पुढे केला.

आईने त्यांची बाही धरली.

"आधी दार वाजवा."