बेलेरोफोनचे वंशज

करिंथमध्ये तिमांद्रोसच्या घराण्याची ऐट अशी, की त्यांच्यातला कोणीही घोड्यावर बसत नसे. पूर्वज बेलेरोफोन. पंखवाल्या पेगाससवर बसून तो थेट देवांच्या घरी निघाला, देवांनी त्याला वाटेतच खाली आपटलं. घोडा मात्र वर गेला आणि ताऱ्यांत जाऊन राहिला. तो परत येईपर्यंत साध्या घोड्यावर टांग टाकायची नाही, असं या शहाण्यांनी ठरवून टाकलं. आपटी खाल्ल्याची एवढी मिजास निकारेताने दुसरीकडे कुठे पाहिली नव्हती. ती थेस्सलीच्या घोडेवाल्याची लेक. माहेरून तिच्याबरोबर आलेला, सवारीला तयार केलेला घोडा तिचा नवरा तिमांद्रोस सोनेरी लगाम घालून गावभर मिरवायचा. स्वतः पुढे पायी.

त्या शरदात त्यांच्या लहानग्या मिर्तोचा घसा सुजला. दुपारपर्यंत श्वासाला शिट्टी येऊ लागली. वैद्य राहायचा पार केंख्रेआईच्या बंदरावर. तिमांद्रोस निघाला, लगाम हातात धरून, चालत.

"अहो, बसा की त्याच्यावर," निकारेता म्हणाली. "पोर गुदमरतेय."

"आमच्या रक्ताला ते चालत नाही. माहीत आहे ना तुला?"

"माझ्यात नाही तुमचं रक्त. द्या इकडे."

लगाम हिसकावून तिने वस्त्र वर खोचलं आणि टांग टाकली. करिंथची सून भर रस्त्यातून घोडा दौडवत गेली, लोक आ वासून बघत राहिले. येताना तिने वैद्याला मागे बसवून आणलं. त्याने घशातली गाठ फोडली तेव्हा अंधार पडत होता आणि पूर्वेला पेगाससचे तारे वर आले होते. नेहमीसारखा अर्धाच घोडा, मागचा भाग नाहीच. मिर्तोने मोठा श्वास घेतला आणि निकारेता तिथेच जमिनीवर बसून रडली.

सकाळी पेइरेनेच्या झऱ्यावर घराण्यातले म्हातारे जमले. सुनेने नाक कापलं असं ते म्हणण्याआधीच तिमांद्रोसने सांगून टाकलं, की काल पेगाससच त्या घोड्यात उतरला होता, पंख फुटलेले आपण डोळ्यांनी पाहिले. म्हातारे खूश झाले. बायकोनेही तेच सांगावं म्हणून तिला बोलावणं गेलं. नुसती मान डोलावली असती तरी सगळ्यांची अब्रू राहिली असती.

"पंखबिंख काही नव्हते," ती म्हणाली. "पाठ होती. ती रोजच असते. बसणारा तुमच्यात कोणी नव्हता."