उपरण्याखालचा भाव

“बैलाचे दात बघून भाव करता येतो. टायपिंगचं काय बघावं माणसानं?”

आरशासमोर मिशा सारख्या करत आमचे हे पुटपुटत होते. मी मागंच स्टो पेटवत होते. ह्यांना ते मला ऐकवायचं नव्हतं, म्हणून तर मी नीट ऐकलं.

मुरुडच्या बैलबाजारात ह्यांचं मोठं नाव. उपरण्याखाली हातात हात घ्यायचा, बोटं दाबून भाव ठरवायचा, शेजारच्याला पत्ता लागू द्यायचा नाही. वीरभद्रआप्पानं बोट दाबलं म्हणजे सौदा पक्का. पण दुष्काळानं दावणीच रिकाम्या केल्या. तेव्हापासून उपरणं धुवायचं, घडी घालून खुंटीला लावायचं, एवढंच. “बाजार भरंल की,” हे म्हणतात. “भरंल की,” मी म्हणते.

इकडं लातूर जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, कागद वाढले. आमची लेक शिवम्मा तहसीलसमोर टेबल मांडून लोकांचे अर्ज टाईप करते. घरातली ज्वारी, रॉकेल, टँकरचं पाणी, सगळं त्या टेबलावरून येतं. हे घरात कुणी बोलत नाही. ती पैसे देवाजवळच्या डब्यात टाकते, हे डब्यातून काढतात. जणू महादेवच देतो.

आज नांदेडचे अमृतराव यायचे होते. त्यांचं तिथं टायपिंगचं मोठं दुकान. आता लातुरातही काढायचं होतं, आणि ते सांभाळायला त्यांना शिवम्माच पाहिजे होती. एकेकाळी त्यांनी बैलही ह्यांच्याच हातून घेतलेले.

चहाचा पहिला घोट घेऊन ते म्हणाले, “घरचीच पोरगी हाय. पगाराचं काय बोलायचं, आप्पा?” आणि सवयीनं हात पुढं केला. ह्यांनीही सवयीनं उपरणं टाकलं.

झालं. माझ्या लेकीच्या पगाराचा सौदा उपरण्याखाली सुरू झाला. मी ह्यांच्या पायाकडं बघत होते. सौदा तोट्यात जायला लागला की ह्यांच्या पायाचा अंगठा वळतो.

अंगठा वळला.

तेवढ्यात दारात उभी असलेली शिवम्मा पुढं येऊन बसली. “आप्पा, तुम्ही हात काढा. काम माझं हाय, हात मी घालते.”

विंचू दिसावा तसा अमृतरावांनी हात बाहेर ओढला. परक्याच्या तरण्या पोरीचा हात उपरण्याखाली कसा धरणार? मला हसू आलं, पदर तोंडाला लावला.

“मग तोंडानं सांगा, काका.”

“तीनशे,” अमृतराव खाकरले.

“नांदेडात ह्याच कामाला निवृत्तीभाऊंना सहाशे देता.”

“अगं, त्याच्यावर त्याचं घर चालून राहिलं. तुला काय, बांगड्या-पावडरीला लई झाले. तुमचं घर चालवाया वीरभद्रआप्पा खंबीर हाईत की! काय आप्पा, खोटं हाय?”

आता “हाव” म्हटलं की ह्यांची मान वर आणि पोरीचा पगार अर्धा. शिवम्मानं ह्यांच्याकडं एकदा बघितलं आणि खाली मान घातली. तिला बोलता येत होतं. बापासाठी गप्प बसली. मी कपबशा गोळा करायला लागले. अमृतरावांच्या कपात अजून चहा होता, तरी.

ह्यांनी उपरणं उचललं. सावकाश घडी घातली, बाजूला ठेवली. उभ्या हयातीत ह्यांनी भाव मोठ्यानं सांगितला नव्हता. आज सांगितला, शेजारच्या केवळाबाईंनी खिडकीतून डोकावावं एवढ्या मोठ्यानं.

“सहाशे, अमृतराव. एक रुपया कमी न्हाई. दुष्काळ पडल्यापासून मी एक बैल विकला न्हाई. हे घर माझी लेक चालवती. तुम्ही आत्ता पिलात, तो चहाबी तिचाच.”