बेटावरचं पहिलं दार

मी एक जुना सागवानी दरवाजा आहे. मित्रांनो, भीमेकाठच्या एका गावात सुताराने मला घडवलं. पुढे धरणाचं पाणी चढलं, गाव बुडालं आणि उंचावरच्या माळाचं बेट झालं. घरधनी जोतीराम आबांनी मला चौकटीतून उतरवलं, युनूसभाईंनी होडीत आडवं घालून इथे आणलं. बेटावरचं पहिलं घर माझ्यामागे उभं राहिलं. मग आणखी सहा घरं झाली.

आता त्यांतली पाच बंद आहेत. माणसं इंदापूर-बारामतीला गेली. माझ्या घरात आबांची सून प्रयागबाई राहते. होडी चालवतो युनूसभाईंचा नातू मोईन.

गेल्या उन्हाळ्यात बंद घरांची दारं एकेक करून नाहीशी होऊ लागली. बेटावर रोज येणारी होडी एकच. प्रयागबाईने मोईनला अंगणातच अडवलं.

"दारं काय पोहून गेली व्हय रं?"

"मावशी, माझ्या होडीत एक फळी बी चढली न्हाय."

तिला ते पटलं नाही. ती त्याच्या होडीत बसेना. तिचं ऐकून बाकीचेही मासेमारांच्या नावेतून जाऊ लागले. खरं सांगतो, माझाही संशय मोईनवरच होता.

अशात तिचा पुतण्या संदेश मोटरबोट घेऊन आला. पाणी प्यायच्या आधीच त्याने मला मोजायची टेप लावली. बैलबाजारात दात तपासतात तसा माझ्या नक्षीवरून हात फिरवला. मला ते आवडलं नाही.

"काकी, दार किडलंय. पॉलिश करून आणतो. न्हायतर मोईन ह्येबी न्हेईल."

तिने मला स्वतःच्या हाताने पुसून त्याच्या स्वाधीन केलं.

पलीकडच्या काठावर टेम्पो उभा होता. आत पोत्यांखाली समोरच्या कुंडलिकाच्या घराचं दार होतं! तेवढ्यात आमच्या मागावर आलेला मोईन पोचला. त्याने प्रयागबाईला फोन लावला.

"मावशी, तुमचं दार टेम्पोत चढतंय."

"तूच चढवत असशील!" तिने फोन ठेवला.

संदेश दोर बांधण्यात गुंतला होता, तेवढ्यात मोईनने टेम्पोची चावी काढली आणि वल्ही मारत बेटावर परतला. मला नंतर कळलं, चावी तिच्या हातात ठेवून तो म्हणाला, "चला. सोताच्या डोळ्यानं बघा."

तिने चावी कनवटीला खोचली. शेवटी लुगडं सावरून होडीत बसली.

तिला बघताच संदेश म्हणाला, "काकी, पॉलिशलाच..."

"आन् कुंडलिकाचं दार? त्येबी पॉलिशलाच व्हय?"

पोलिसांत पुतण्याचं नाव तिने स्वतः सांगितलं. आम्ही दोन दारं परत आलो. बाकीची आधीच कुठल्या तरी बंगल्यांना विकली गेली होती.

परतताना पाण्याच्या मध्यावर ती म्हणाली, "लेकरा, माझं चुकलं."

मोईन वल्ही मारत म्हणाला, "तीन म्हैनं माझ्या होडीत कुणी बसलं न्हाय, मावशी."

मित्रांनो, गावी बंद घर असेल तर अधूनमधून जाऊन उघडा, झाडा, दाराला तेल लावा. आणि कुणावर बोट रोखण्याआधी एकदा नीट चौकशी करा. मला सुताराने दोन तासांत पुन्हा बसवलं. मोईन मात्र आमच्या अंगणात आला, की अजून उभ्यानेच पाणी पितो. पूर्वी तो ओट्यावर बसायचा.