रिबिनी बांधलेली घरटी

शाळेमागच्या पाणथळीला कुणी विचारत नव्हतं. कचरा टाकायची सोयीची जागा, एवढीच तिची ओळख. चौथीच्या बाईंनी ती ओळख बदलायचं मनावर घेतलं, तेव्हा मुख्याध्यापक हसून म्हणाले, "टिटवीसुद्धा समुद्र आटवते म्हणतात. बघा प्रयत्न करून."

बाईंनी मग टिटव्याच निवडल्या. पाण्याच्या कडेला, उघड्यावर, खड्यांमध्ये अंडी घालणारा हा पक्षी. अंडी इतकी मातकट की पायाखाली फुटेपर्यंत दिसायची नाहीत. म्हणून बाईंनी प्रत्येक घरट्याशेजारी काठी रोवली, काठीला लाल रिबीन बांधली आणि एकेक घरटं एकेका मुलाच्या नावावर केलं. "आपलं घरटं आपण जपायचं," असं बजावलंही. मुलं वेडी झाली. आईबाप सुट्टीच्या दिवशी शाळेची दुर्बीण मागायला येऊ लागले, कचरा टाकणाऱ्यांना हटकू लागले. बाईंचे पाय जमिनीवर ठरेनात, आणि का ठरावेत?

मग अंडी जाऊ लागली.

आधी कोपऱ्यातलं घरटं रिकामं झालं, मग त्याच्या शेजारचं. बाईंनी कुत्र्यांना दोष दिला, नंतर पाचवीतल्या उनाड पोरांना. ज्याचं घरटं जाई ते पोर वर्गात मान खाली घालून बसे. बाईंची लेक याच वर्गात होती. घरात सगळे तिला बारकी म्हणत. तिचं घरटं अजून शाबूत होतं आणि ती रोज झोपताना विचारायची, "आई, माझी राहतील ना?"

"राहतील," बाई म्हणायच्या.

एका दुपारी वर्गाच्या खिडकीतून त्यांना कावळा दिसला. तो काठीवर बसला, रिबिनीखाली वाकून पाहिलं, उतरला, आणि चोच पुसून थेट पुढच्या काठीवर गेला. इकडेतिकडे शोधलंसुद्धा नाही. चोराच्या हाती किल्ल्या द्याव्यात, त्याही रिबीन बांधून! बाईंना स्वतःची इतकी लाज वाटली की फळ्याकडे तोंड करून त्यांनी पुढचं गणित लिहायला घेतलं. कावळ्याचं मुलांना सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. उजाडताच बाई एकट्या गेल्या आणि सगळ्या काठ्या उपटल्या. टिटव्या डोक्यावरून ओरडत घिरट्या घालत होत्या. कुंपणावर कावळे ओळीने बसले होते. शेवटची काठी निघाली तरी एकही उडाला नाही. बाई चालल्या की त्यांच्या माना वळत. रिबिनी गेल्या होत्या, तरी ते बाईंकडे बघत होते. माणूस जिथे वाकतो तिथे अंडी असतात, एवढं त्यांना कधीच कळून चुकलं होतं. आता इथे कुणीच यायचं नाही, उद्याच मुलांना सांगायचं, असं ठरवून बाई काठ्या शाळेत ठेवून घरी आल्या.

सासूबाई दारातच होत्या. "बारकी भेटली नाही का गं? तुझ्या मागोमागच निघाली, घरोघर जाऊन पोरं गोळा करत. सगळ्या वर्गाला घेऊन राखणीला."

"कुणी सांगितलं तिला?"

"तूच ना? आपलं घरटं आपण जपायचं म्हणून घोकत होती."

बाई आल्या पावली धावल्या. बांधावर पोचून पाहतात तर चिखलाच्या कडेने सगळा वर्ग पसरला होता. रिबिनी नव्हत्या, म्हणून जो तो अंदाजाने उभा होता. कुणी वाकून शोधत होतं, कुणी चार पावलं मागे सरत होतं. टिटव्या अंडी सोडून आभाळात आक्रोश करत होत्या. कुंपण रिकामं होतं. कावळे खाली उतरून मुलांच्या मागे मागे चालत होते.

हाक मारली असती तर सगळी पोरं पायाखाली न बघता धावत आली असती. बाईंनी ओठ घट्ट मिटले आणि हात वर केला, थांबा म्हणून.

बारकीने तो हात पाहिला. आई बोलावते आहे असं वाटून ती हसली, आणि खड्यांमधून सरळ धावत निघाली.