दादाचं रिकामं यान
"टाकून दिलेलं यान म्हणजे मानवजातीच्या कपाळावरचा कलंक. तो पुसणं हे कप्तानाचं पवित्र कर्तव्य आहे," असं कप्तानाने रेडिओवरून साऱ्या अवकाशाला ऐकवलं आणि समोरचं यान उडवण्यासाठी बटणाकडे बोट नेलं.

"धाकट्या, तू होय?" त्या टाकून दिलेल्या यानातूनच आवाज आला. "बरं झालं आलास. दार उघड, येतो मी."

बिघडलेल्या यानात दादाला सोडून, तो मेला असं सांगूनच कप्तानाने दादाची कप्तानकी मिळवली होती. आता दादा आत आला की ती गेली, आणि आपण पुन्हा संडासाच्या टाक्या उपसायला मोकळे.

"डॉक्टर, यान रिकामंच आहे ना?" त्याने विचारलं.

डॉक्टरांना नोकरी त्यानेच दिली होती. "अगदी रिकामं," ते म्हणाले. "बोलतात म्हणून जिवंत धरायचं म्हटलं, तर आमचे सासरेही बोलतात."

"ऐकलं मी ते," दादा म्हणाला. "धाकट्या, तुला ताप आला की रात्ररात्र खांद्यावर घेऊन फिरलोय रे मी. मला मारू नकोस."

यान चालवणाऱ्या बाईंनी हळूच नाक पुसलं. कप्तानाचं बोट मागे आलं. त्याचा आवाज लहानपणीसारखा मऊ झाला.

"दादा," तो म्हणाला, "तुझ्याकडे साखर उरली असेल, तर आधी तेवढी पाठवून दे ना. आमची कालच संपलीय."